लोणावळ्यात समुद्र: घरच्या रीफ टँकमध्ये छोटे गोबी पाळायचे तर काय काय लागतं?

इन्स्टाग्रामवर तो रील तुम्हीही पाहिला असेल. निळ्या प्रकाशात एक बोटभर पिवळा मासा बिळाच्या तोंडाशी बसलाय आणि त्याच्या मागून एक कोळंबी बुलडोझरसारखी वाळू ढकलत बाहेर येतेय. खाली लिहिलेलं असतं, ‘नॅनो रीफ, अगदी सोपं!’ मग प्रश्न येतो: हे आपल्याकडे जमेल का? आपल्याकडे म्हणजे लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव. समुद्र घाटाखाली, आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर वर, आणि पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही.

सरळ उत्तर देतो. जमतं. मी लोणावळ्यात दोन फुटांच्या टाकीत गोबी पाळतो आणि ते व्यवस्थित जगतात. पण रीलमध्ये जे दिसतं त्यातलं बरंचसं आपल्याला करता येणार नाही. त्यातला एक भाग तर थेट तुरुंगात नेऊ शकतो. म्हणून हा लेख ‘कोणता टँक घ्यावा’ असा नाही. आधी पाणी, वीज आणि कायदा समजून घेऊ. मासा शेवटी.

गोबी म्हणजे नक्की कोण?

गोबी हे माशांचं एक प्रचंड मोठं कुटुंब आहे. जगात त्यांच्या सुमारे दोन हजार जाती आहेत. कोकणातल्या चिखलात उड्या मारणारी निवटी तुम्ही पाहिली किंवा खाल्ली असेल, तर गोबीच्या गोतावळ्याशी तुमची ओळख आधीच झालेली आहे. रीफ टँकमधले रंगीत गोबी हे तिचे लांबचे भाऊबंद.

बहुतेक गोबींची एक खूण सोपी आहे. पोटाखालचे दोन पर जोडले जाऊन एक वाटीसारखी चकती तयार झालेली असते. तिच्या जोरावर मासा दगडाला किंवा काचेला चिकटून बसतो. पुष्कळ गोबींमध्ये तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी नसते किंवा अगदी लहान असते. त्यामुळे ते गोल्डफिशसारखे दिवसभर पोहत नाहीत. बसतात, टुणकन पुढे जातात, पुन्हा बसतात. लहान टाकीत हा मासा चालतो तो याच कारणामुळे: त्याला पोहायला मैदान लागत नाही, बसायला जागा आणि लपायला भोक लागतं.

या कुटुंबात अचाट प्रकार आहेत. इव्हिओटा सिगिलाटा नावाच्या प्रवाळातल्या इवल्या गोबीचं पूर्ण आयुष्य जास्तीत जास्त ५९ दिवसांचं असतं. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये हे मोजून मांडलं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये इतकं छोटं आयुष्य तोवर नोंदलं गेलं नव्हतं. गोबिओडॉन आणि ट्रिमा या गटांतले काही मासे गरजेप्रमाणे नराचे मादी आणि मादीचे नर होऊ शकतात. म्हणजे दोन मासे एकत्र ठेवले तर जोडी जमायची शक्यता बरीच असते.

आधी कायदा, मग काच

‘रीफ टँक’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर प्रवाळ येतात. भारतात इथेच थांबून वाचायला हवं.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ साली रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ घेतले गेले. त्यांच्यासोबत काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखेही आले. अनुसूची १ म्हणजे वाघ ज्या यादीत आहे ती यादी. समुद्री घोडे आणि समुद्री काकडीच्या सगळ्या जाती याच संरक्षणाखाली आहेत, आणि जायंट क्लॅम म्हणजे मोठ्या शिंपल्यांच्या काही जातीही. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानंतर अनुसूची १ मधल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

हे फक्त जिवंत प्राण्याला लागू नाही. संरक्षित प्राण्याचे अवशेषही कायद्याच्या कक्षेत येतात. म्हणून ‘लाइव्ह रॉक’ नावाने विकला जाणारा, समुद्रातून काढलेला प्रवाळाचा सांगाडाही धोक्याचाच.

किती गांभीर्याने घ्यायचं याचं उदाहरण मुंबईतच आहे. सागरी किनारा मार्गाच्या कामात हाजी अली आणि वरळीजवळ प्रवाळाच्या १८ वसाहती आढळल्या. त्या २०२० मध्ये दुसरीकडे हलवायच्या होत्या, तेव्हा मुंबई महापालिकेलाही आधी वन्यजीव कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली ते काम झालं. महापालिकेला परवानगी लागते, तिथे टेलिग्राम ग्रुपवर ‘फ्रॅग घ्या, कुरिअर फ्री’ म्हणणाऱ्याच्या शब्दावर विसंबणारे आपण कोण?

‘भाऊ, हे इम्पोर्टेड आहे’ हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेलच. ते म्हणजे कागद नव्हे. मॅसेजवर फोटो, यूपीआयने पैसे आणि बिल नाही, असा व्यवहार असेल तर पुढे पुरावा फक्त तुमच्याच मोबाइलमध्ये राहतो. ‘मऊ प्रवाळ यादीत नाहीत’ असंही सांगतील. पण नवख्या माणसाला फोटोवरून मऊ आणि कठीण यांतला फरक कळत नाही, आणि विकणाऱ्याला तो तुम्हाला कळावा अशी इच्छाही नसते.

माझा सल्ला एका ओळीचा आहे: प्रवाळाशिवायचा टँक करा. सिरॅमिकचे सच्छिद्र कृत्रिम दगड मिळतात. सहा-आठ महिन्यांत त्यांच्यावर शैवाल आणि बारीक जीव वस्तीला येतात आणि दगड जिवंत वाटू लागतो. गोबीला प्रवाळ हवा असतो तो मुख्यतः आडोसा म्हणून. आडोसा दुसरा दिला तरी त्याची तक्रार नसते. खरे प्रवाळ पाहायचे असतील तर मालवण गाठा. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

पाणी: नळाचं नको, पागोळ्यांचंही नको

रीफ टँकचं पाणी म्हणजे शुद्ध पाणी अधिक खास समुद्री मीठ. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. त्यात जवळपास फक्त सोडियम क्लोराइड असतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेटही असतात आणि माशाचं शरीर त्या मिश्रणासाठी बनलेलं असतं. एक लिटर पाण्याला साधारण ३५ ते ४० ग्रॅम सॉल्ट मिक्स लागतं, नेमकं प्रमाण पाकिटावर असतं. आपल्याला गाठायची असते ३५ ग्रॅम प्रति लिटरची क्षारता, म्हणजे घनता १.०२५ ते १.०२६. ती रिफ्रॅक्टोमीटरने मोजायची. मीठ टाकीत थेट टाकू नका. वेगळ्या बादलीत छोटा पंप लावून रात्रभर विरघळू द्या.

मावळात धरणाचं पाणी बोअरवेलपेक्षा कमी क्षारांचं असतं, त्यामुळे ‘आपलं पाणी गोडं आणि स्वच्छ’ असं वाटतं. पण पावसाळ्यात गढूळपणा वाढतो आणि त्याबरोबर क्लोरीनही जास्त टाकावं लागतं. शिवाय फॉस्फेट आणि सिलिकेट डोळ्यांना दिसत नाहीत, ते नंतर तपकिरी शेवाळाच्या रूपात काचेवर दिसतात. म्हणून आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन, म्हणजे उरलेसुरले क्षार पकडणारी गाळणी, असं दोन टप्प्यांचं पाणी वापरायचं. टीडीएस मीटरवर शून्य किंवा एक दिसलं पाहिजे.

इथे भारतीय घरांमधली एक खास अडचण आहे. घरगुती आरओमध्ये चव राहावी म्हणून टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. ते काही क्षार मुद्दाम परत मिसळतं. हल्ली अनेक मशीनमध्ये ‘कॉपर’ कार्ट्रिजही असतं. माणसाला तांब्याचं पाणी आवडतं, पण कोळंबी, गोगलगायी यांसारख्या जिवांना तांबं अगदी थोड्या प्रमाणातही मारतं. तुमच्या आरओवर कॉपर लिहिलेलं असेल तर ते पाणी टाकीत नको. कार्ट्रिजच्या आधी, पडद्यातून थेट येणारं पाणी काढता येतं का ते मशीनवाल्याला विचारा.

मग पावसाचं पाणी? लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तो फुकट आहे, मोह होतोच. पण पागोळ्यांचं पाणी पत्र्यावरून येतं. पत्र्याचं जस्त, कबुतरांची विष्ठा, कौलांवरचं शेवाळ सगळं त्यात उतरतं. ते झाडांना घाला.

समुद्रातून कॅन भरून आणायचा विचारही सोडा. मुंबईच्या आसपासचं किनाऱ्याचं पाणी गाळाचं आणि सांडपाण्याचं असतं.

आणखी एक हिशोब समजून घ्या, कारण नवीन लोकांचे मासे इथे जातात. टाकीतून फक्त पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. ५० लिटर पाण्यात ३५ च्या हिशोबाने १,७५० ग्रॅम मीठ आहे. तीन लिटर उडालं की तेच मीठ ४७ लिटरमध्ये उरतं, म्हणजे क्षारता ३७ च्या वर जाते. म्हणून रोजची भर गोड्या, म्हणजे आरओ-डीआय पाण्याची. खारं पाणी फक्त पाणी बदलताना. काचेवर मार्करने पातळीची रेघ मारून ठेवा. उन्हाळ्यात रोज भर घालावी लागते, जुलैमध्ये हवेतच इतकं पाणी असतं की पातळी दिवसेंदिवस हलत नाही. सवयीने तेवढंच पाणी ओतत राहिलात तर क्षारता उलट खाली जाईल. रेघ पाहायची, मग ओतायचं.

सहा आठवडे मासा नाही

माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट तुलनेने सौम्य असतं आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदलून ते आटोक्यात ठेवता येतं. हे जिवाणू विकत घेतलेल्या टाकीत नसतात, ते वाढवावे लागतात. त्याला चार ते सहा आठवडे लागतात.

करायचं असं: टाकीत खारं पाणी, दगड, वाळू, पंप सगळं चालू करा, पण मासा नको. चिमूटभर माशांचं खाद्य टाका, म्हणजे ते कुजून अमोनिया होईल. दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने मोजा. अमोनिया वर जाऊन खाली येईल, मग नायट्राइट वर जाऊन खाली येईल. दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की टाकी तयार.

इथे घाई का चालत नाही? अमोनियाचं विष पाण्याच्या पीएचवर ठरतं. पीएच ७ असताना त्याचा फारच छोटा भाग विषारी रूपात असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि तिथे विषारी भाग दहापटीच्या आसपास वाढतो. म्हणजे गोड्या पाण्यातल्या गप्पीने जे सोसलं असतं, ते समुद्री गोबी सोसणार नाही. दुकानदार ‘आजच घेऊन जा, बॅक्टेरियाची बाटली टाका’ म्हणाला तरी सहा आठवडे धरूनच चाला.

घाटमाथ्याचं हवामान: तीन ऋतू, तीन टाक्या

गोबीला २५-२६ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर तापमान हवं. मुंबईतल्या लोकांना त्यासाठी बरेचदा महागडा चिलर लागतो. आपल्याला सहसा लागत नाही, आणि लोणावळ्यात राहण्याचा हा खरा फायदा आहे. पण दर चार महिन्यांनी पद्धत बदलावी लागते.

उन्हाळ्यात हवा कोरडी असते. पाण्याच्या पृष्ठभागावर एक छोटा पंखा सोडला की बाष्पीभवन होतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. माठातलं पाणी गार होतं तेच तत्त्व. पावसाळ्यात हवेत आधीच पूर्ण ओलावा असतो, पाणी उडतच नाही, त्यामुळे पंखा निरुपयोगी ठरतो. पण तेव्हा बाहेरच २२-२४ अंश असतं, म्हणून उलट हीटर चालू ठेवावा लागतो. हिवाळ्यात रात्री बाहेर पारा १२-१३ पर्यंत उतरतो आणि हीटरचं काम दुप्पट होतं. हीटर निवडताना एका लिटरला एक वॅट हा हिशोब सुरुवातीला पुरतो. आपल्या थंडीसाठी ५० लिटरच्या टाकीला ७५ ते १०० वॅटचा घ्यावा.

उंचीचा एक परिणाम सहसा कोणी सांगत नाही. सहाशे मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण सात टक्क्यांनी कमी असतो. पाण्यात विरघळणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी होतो. खाऱ्या पाण्यात तो आधीच गोड्या पाण्यापेक्षा कमी मावतो. सात टक्क्यांनी मासा मरत नाही. पण मुंबईतल्या यूट्यूबरने जेवढे मासे सांगितले तेवढे लोणावळ्यात ठेवताना गाळा कमी उरतो हे खरं. उपाय साधा आहे: मासे कमी, आणि पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता राहील असा पंप.

वीज गेली तर?

टाटांच्या खोपोली वीजकेंद्राने १९१५ मध्ये काम सुरू केलं आणि लोणावळा-वळवणच्या तलावांच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. त्याच लोणावळ्यात मुसळधार पावसात झाड तारेवर पडलं की आपण मेणबत्त्या शोधतो. रीफ टँकचा खरा कस या तासांमध्ये लागतो.

लाइट गेल्यावर आधी काय संपतं? प्रकाश नाही, तापमानही नाही. आधी संपतो ऑक्सिजन. पंप थांबला की पाण्याचा पृष्ठभाग शांत होतो, ऑक्सिजन आत जाणं मंदावतं, आणि मासे व जिवाणू दोघंही तो वापरत राहतात. म्हणून क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी हवा, मग उष्णता, प्रकाश सगळ्यात शेवटी.

इथे तुमच्या खिशातलीच वस्तू उपयोगी पडते. यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप घ्या आणि तो पॉवर बँकला लावा. हिशोब असा: १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशोबाने ३७ वॅट-तास. रूपांतरात काही वाया जातं, हाती साधारण २५ येतात. पंप दोन वॅटचा असेल तर बारा तास निघतात. एक काळजी घ्या: फार कमी करंट ओढला गेला तर काही पॉवर बँक ‘फोन चार्ज झाला’ असं समजून आपोआप बंद होतात. वादळाच्या रात्री हे कळून उपयोग नाही. आत्ताच पंप लावून दोन तास चालू ठेवून पाहा.

घरी इन्व्हर्टर असेल तर पाण्याचा प्रवाह देणारा पाच वॅटचा पंप त्यावर टाका, पण हीटर नको. १०० वॅटचा हीटर घरातले पंखे आणि राउटर यांच्या वाट्याची बॅटरी खाऊन टाकतो. थंडीत टाकीला थर्माकोल आणि जाड चादर गुंडाळली तरी पाणी हळूहळू गार होतं, आणि हळू बदल मासा सोसतो. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर असेल आणि वीज बरेच तास गेली असेल, तर तो तसाच चालू करू नका. आतलं पाणी ऑक्सिजनविना सडलेलं असतं. उघडा, ते पाणी टाका, टाकीतल्याच पाण्याने खळखळून घ्या, मग चालू करा.

आणि शॉकपासून सांभाळा. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं. प्लगकडे जाणारी प्रत्येक वायर आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब वायरवरून ओघळून बोर्डात जाणार नाही. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको. घरात आरसीसीबी नसेल तर टाकीच्या आधी तो बसवा. हात पाण्यात घालण्याआधी स्विच बंद.

कोणता गोबी घ्यायचा?

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत कागदावर ५७ लिटर पाणी मावतं, दगड-वाळू गेल्यावर ४५ च्या आसपास. त्यात दोन, फार तर तीन छोटे मासे.

निऑन गोबी माझी पहिली शिफारस. पाच सेंटिमीटरपर्यंत वाढतो, काळ्या अंगावर निळी चकाकती रेघ. मूळचा अमेरिकेकडच्या समुद्रातला, तिथे मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो. याला टाकीत पैदास केलेली पिल्लं मिळतात आणि ती आधीच तयार खाद्याला सरावलेली असतात.

पिवळा वॉचमन गोबी म्हणजे रीलमधला तो. साधारण सात-आठ सेंटिमीटर. त्याची आणि पिस्तूल कोळंबीची भागीदारी कमाल आहे. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही, पण ती बीळ खणते. गोबीला चांगलं दिसतं, पण त्याला खणता येत नाही. बाहेर आली की कोळंबी आपली एक मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसला की मासा शेपूट थरथरवतो आणि दोघंही आत. या जोडीसाठी दोन-तीन इंच वाळू हवी आणि दगड वाळूवर नव्हे, थेट काचेच्या तळावर टेकलेले हवेत. नाहीतर कोळंबी खालून खणेल आणि दगड तिच्यावरच बसेल.

क्लाऊन गोबी, गोबिओडॉन गटातला, तीन-चार सेंटिमीटरचा. निसर्गात प्रवाळाच्या फांद्यांत राहतो. आपल्या टाकीत सिरॅमिकच्या फांद्यांवरही बसतो. याच्या अंगावरचा चिकट स्राव कडू-विषारी असतो, म्हणून मोठे मासे याच्या वाटेला जात नाहीत.

आता न घ्यायचे मासे. वाळू चाळणारे स्लीपर गोबी लहान टाकीत हळूहळू उपाशी मरतात, कारण दोन फुटांच्या वाळूत पुरेसे बारीक जीवच नसतात. ‘मँडरिन गोबी’ या नावाने विकला जाणारा मासा गोबी नाहीच. तो ड्रॅगनेट आहे, जिवंत बारीक कोपेपॉड्सशिवाय बहुतेकदा खात नाही आणि दिसायला सगळ्यात सुंदर असल्यामुळे सगळ्यात जास्त फसवतो.

आणि टाकीवर जाळी हवीच. गोबी दचकला की उडी मारतो. सकाळी फरशीवर वाळलेला मासा सापडणं हा या छंदातला सगळ्यात टाळता येण्यासारखा मृत्यू आहे.

खरेदी, प्रवास आणि जेवण

मावळात समुद्री मासे सहज मिळत नाहीत, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. कुर्ल्यात किंवा क्रॉफर्ड मार्केटकडे गेलात तर तीन गोष्टी करा. दुकानदाराला माशाला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. पोट आत गेलेला मासा घेऊ नका. आणि मासा आलाय कधी हे विचारा. आज सकाळी आलेला मासा आठवड्याने घ्या. पैदास केलेला मासा मिळत असेल तर दोन पैसे जास्त देऊन तोच घ्या. फिलिपिन्स आणि इंडोनेशियाकडे सायनाइडचा फवारा मारून रीफमधले मासे पकडण्याची वाईट पद्धत आहे. तसा मासा दुकानात ठीक दिसतो आणि काही आठवड्यांत कारण न कळता मरतो. आपल्याकडेही पैदाशीचं काम होतं: केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाऊनफिशची हॅचरी पद्धत विकसित केली आहे.

घाट चढताना पिशवी थर्माकोलच्या डब्यात, अंधारात. घरी आल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, म्हणजे तापमान जुळेल. पिशवी उघडल्यावर मात्र रेंगाळू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे आतला अमोनिया तुलनेने निरुपद्रवी राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. प्रवास जितका लांब, तितकं हे जास्त खरं. थोडं थोडं टाकीचं पाणी घालत अर्ध्या तासात उरका आणि मासा जाळीने टाकीत सोडा. पिशवीचं पाणी टाकीत नको.

खाणं थोडं आणि दोन-तीन वेळा. गोबीचं तोंड आणि पोट दोन्ही लहान. फ्रोझन मायसिस किंवा आर्टेमिया बारीक करून ड्रॉपरने त्याच्यासमोर सोडा. फ्रीजही विजेवर चालतो हे पावसाळ्यात विसरू नका; एकदा वितळलेलं खाद्य पुन्हा गोठवून वापरू नका. आर्टेमियाची अंडी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत मीठपाणी आणि हवा देऊन घरीच उबवता येतात, दीड दिवसात पिल्लं तयार.

मोबाइलचा खरा उपयोग

स्मार्ट प्लग: लाइटच्या वेळा ठरवायला उत्तम. पण त्याच्या ॲपमध्ये ‘वीज परत आल्यावरची स्थिती’ असा पर्याय शोधा आणि तो ‘चालू’ किंवा ‘आधीसारखा’ ठेवा. बऱ्याच प्लगमध्ये तो ‘बंद’ असतो. लाइट येते, पंप येत नाही, आणि तुम्ही कॉलेजात असता.

वायफाय तापमापक: घ्यायला हरकत नाही, पण वीज गेली की राउटरही जातो आणि अलर्ट येत नाही. म्हणून ‘डिव्हाइस ऑफलाइन’ ही सूचनाच तुमचा अलार्म समजा आणि घरातल्या कोणाला तरी पॉवर बँकचा पंप लावायला शिकवून ठेवा. आजी-आजोबांनाही जमेल इतकं सोपं ठेवा.

टेस्ट किटचे रंग: फोटो काढून ॲपने रंग ओळखायला जाऊ नका. फोनचा कॅमेरा प्रत्येक प्रकाशात रंग आपल्या मनाने दुरुस्त करतो. दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर, डोळ्यांनी पाहा.

फोटो: निळ्या एलईडीत सगळं जांभळं येत असेल तर प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स हाताने चढवा, किंवा फोटोपुरती पांढरी लाइट लावा. फ्लॅश बंद. फोन काचेला समांतर धरा, तिरका धरला की चित्र पसरतं. शेपटीची ती थरथर टिपायला स्लो मोशन वापरा. रात्री टाकीजवळ रेकॉर्डर लावून पाहा, पिस्तूल कोळंबीचा ‘टक्’ असा आवाज माइक पकडतो.

ओळख: गूगल लेन्स गोबी, ब्लेनी आणि ड्रॅगनेट यांत सर्रास गोंधळ करतं. त्याने दिलेलं नाव फक्त सुरुवात समजा. शास्त्रीय नाव घेऊन फिशबेसवर माशाची लांबी, राहण्याची जागा आणि अन्न तपासा, मग पैसे द्या.

नोंद: शीटमध्ये चार रकाने पुरतात. तारीख, तापमान, क्षारता, नायट्रेट. तीन महिन्यांनी हीच शीट कोणत्याही तज्ज्ञापेक्षा तुमच्या टाकीबद्दल जास्त सांगेल.

करायचं की नाही?

दहावी-बारावीचं वर्ष असेल, किंवा सहा महिन्यांनी हॉस्टेलला जाणार असाल, तर आत्ता नको. टाकी आईच्या गळ्यात पडते आणि मासा मरतो. ट्रिपला गेल्यावर रोज रेघ पाहून पाणी घालणारा माणूस घरात नसेल, तरीही नको. आणि छंद सोडायची वेळ आलीच तर मासा इंद्रायणीत किंवा धरणात सोडणं म्हणजे त्याला सोडवणं नव्हे. गोड्या पाण्यात तो तडफडून मरतो. दुसरा पाळणारा शोधा किंवा दुकानात परत द्या.

हे सगळं वाचूनही इच्छा शिल्लक असेल तर या क्रमाने पैसे घाला: आरओ-डीआय, रिफ्रॅक्टोमीटर, टेस्ट किट, यूएसबी पंप, हीटर, झाकणाची जाळी. टाकी आणि लाइट त्यानंतर. मासा सहा आठवड्यांनी. तोवर रिकाम्या टाकीतल्या दगडांवर आधी तपकिरी, मग हिरवं काय काय उगवतंय ते पाहा. तेवढं पाहायला कंटाळा आला नाही, तर गोबी तुमच्याकडे नक्की जगेल.